अभ्यासासाठी संगणक: एका महाविद्यालयीन प्रकल्पाच्या नोंदी, जुलै ते नोव्हेंबर २०२४

८ जुलै २०२४

ग्रंथालयाला लागून असलेल्या संगणक कक्षात आजपासून हा प्रकल्प सुरू होत आहे. भूगोल, अर्थशास्त्र आणि मराठी या विषयांच्या एम.ए. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना यंदा नव्या शैक्षणिक धोरणानुसार संशोधन प्रकल्प लिहावयाचा आहे. त्या लेखनासाठी आणि त्याच्याच जोडीने चालणाऱ्या सत्र परीक्षेच्या अभ्यासासाठी संगणक नेमका कुठे उपयोगी पडतो हे त्यांच्यासोबत बसून पाहावे आणि जे खरोखर उपयोगी ठरेल ते ग्रंथालयाच्या नेहमीच्या सेवेत आणावे, असे प्राचार्यांशी बोलून ठरले आहे. ग्रंथपाल या नात्याने नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे.

बहुतेकांनी एमएस-सीआयटी केलेले असल्यामुळे संगणकाची भीती कोणालाच नाही. पहिल्या बैठकीत सर्वांना एकच काम दिले: मागच्या सत्रात वाचलेला आणि आवडलेला एखादा लेख आत्ता उघडून दाखवावा. जवळजवळ प्रत्येकाने मोबाइल काढला आणि व्हॉट्सॲपच्या गटांत मागे मागे जाऊन शोधायला सुरुवात केली. काहींना फाइल सापडली, पण तिला नाव नव्हते, नुसता आकड्यांचा क्रम होता. काहींची फाइल जुनी झाल्यामुळे उघडेना. वाचन झालेले होते, कष्टही झालेले होते, पण हाती काही उरलेले नव्हते. या प्रकल्पात मला जे साधायचे आहे ते इथूनच सुरू होते. एकदा केलेले काम दुसऱ्यांदा करावे लागू नये यासाठी संगणक वापरावा, आणि वाचून समजून घेणे, पडताळणे, ठरवणे ही कामे मात्र विद्यार्थ्याने कोणत्याही यंत्राच्या हाती देऊ नयेत.

११ जुलै २०२४

आजचा विषय फाइलींची मांडणी. काम साधे आहे, पण पुढच्या सगळ्या कामाचा पाया तेच आहे. प्रत्येकाने आपल्या प्रकल्पाच्या नावाचे एक फोल्डर केले आणि त्यात वाचन, मूळ माहिती, काम चालू असलेली माहिती आणि लेखन असे भाग पाडले. मूळ माहितीच्या फोल्डरमधल्या फाइलला हात लावायचा नाही, तिची प्रत करून त्या प्रतीवर काम करायचे, हा नियम सर्वांनी वहीत लिहून घेतला. लेखनाच्या फाइलच्या नावात तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला की संगणक नावाप्रमाणे लावतो तेव्हा फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात. मराठी नावे चालतात, मात्र अंक कुठल्या तरी एकाच लिपीतले असावेत, नाहीतर एकाच मालिकेचे दोन तुकडे पडतात. वाचनाच्या फाइलला लेखक, वर्ष आणि विषय या क्रमाने नाव द्यावे असे ठरले.

१९ जुलै २०२४

मराठी टंकलेखनावर आज सर्वाधिक वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. काही विद्यार्थ्यांना गावातल्या डीटीपी केंद्रावर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेण्याची सवय आहे. अशा फाइलमध्ये पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते. फॉन्ट काढून घेतला की त्या मजकुराला काही अर्थ उरत नाही. त्यात ‘सिंचन’ हा शब्द शोधला तर सापडत नाही, मजकूर ईमेलने पाठवला तर समोरच्याला चिन्हेच दिसतात, आणि संदर्भयादी अकारविल्हे लावता येत नाही. युनिकोड या जगातल्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीत देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र गट राखून ठेवलेला आहे आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे फॉन्ट कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. यापुढे कोणीही जुन्या फॉन्टमध्ये नवे काहीही टाइप करायचे नाही, असे स्पष्ट सांगितले.

इन्स्क्रिप्ट कळफलक शिकावा की रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारी पद्धत वापरावी, यावर बरीच चर्चा झाली. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात, ‘क’ हे अक्षर इंग्रजी ‘के’च्या चावीवर असते, आणि भारतीय लिप्यांसाठी मांडणी एकच असल्यामुळे पुढेही ती उपयोगी पडते. ज्यांना वर्षभर लिहायचे आहे त्यांनी इन्स्क्रिप्टच शिकावे असे माझे मत आहे, कारण त्यात बोटांना वळण पडते आणि नजर वाक्यावर राहते. पण जे आजच दुसऱ्या पद्धतीने वेगाने लिहितात त्यांना थांबवण्याचे कारण नाही. मजकूर युनिकोडमध्ये असला म्हणजे झाले.

युनिकोडमध्येही एक अडचण आहे आणि शेतीवर लिहिणाऱ्या आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांना ती रोज भेटणार आहे. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप करता येतो: एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) जोडून, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि एकाचा शोध घेतला तर दुसरा हाती लागत नाही. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच आहे. यावर उपाय असा की शोधताना शब्दाचा निःसंदिग्ध भाग, म्हणजे इथे ‘शेतक’ एवढाच, टाइप करावा आणि स्वतःच्या लेखनात पहिल्या पानापासून एकच पद्धत पाळावी. अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने शासनाच्या एका अहवालात हे लगेच करून पाहिले आणि आधी न सापडलेली पाने त्याला सापडली.

३० जुलै २०२४

शोध कसा घ्यावा, हा आजचा विषय. भूगोलाची एक विद्यार्थिनी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पांझरा नदीवरच्या फड पद्धतीवर लिहिते आहे. नदीवर बांधलेल्या बंधाऱ्यातून पाट काढायचा, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे, एका हंगामात एका फडात शक्यतो एकच पीक घ्यायचे आणि पाणी वाटणारा पाटकरी गावाने मिळून नेमायचा, अशी ही शतकांपासून चालत आलेली व्यवस्था आहे. आजच्या इंग्रजी स्पेलिंगने तिने ‘पांझरा’ शोधले तेव्हा अलीकडचे लेख मिळाले. पण १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड, जो संपूर्ण खानदेशावर आहे, तो काही त्या शोधात आला नाही. त्या खंडात नदीचे नाव ‘झेड’ने लिहिलेले नाही, ‘जे’ आणि ‘एच’ यांनी लिहिलेले आहे, आणि धुळ्याला ‘धुलिया’ म्हटलेले आहे. नावांची ही जुनी रूपे घालून शोधल्यावर स्कॅन केलेल्या खंडातील पाने एकामागून एक मिळत गेली.

यावरून सर्वांनी मिळून एक तक्ता केला, आणि मला तो या प्रकल्पातला फार मोलाचा कागद वाटतो. खानदेश हा जिल्हा १९०६ साली पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असा विभागला गेला; ही नावे पुढे जळगाव आणि धुळे अशी झाली; आणि धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. म्हणजे अक्राणी किंवा तळोदा या आजच्या नंदुरबारमधल्या तालुक्यांवरची माहिती शोधताना काळाप्रमाणे जिल्ह्याचे नाव बदलावे लागते: १९०६ पूर्वीची कागदपत्रे ‘खानदेश’ या नावाखाली, त्यानंतरची ‘पश्चिम खानदेश’ या नावाखाली, पुढची ‘धुळे’ या नावाखाली आणि १९९८ नंतरची ‘नंदुरबार’ या नावाखाली. शोधयंत्र कितीही चांगले असले तरी हा इतिहास शोधणाऱ्याला माहीत असावा लागतो.

बाकीच्या युक्त्या लवकर आटोपल्या. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत घालावा. केवळ पीडीएफ किंवा केवळ शासकीय संकेतस्थळे हवी असतील तर तसे बंधन घालता येते. एखादा चांगला लेख हाती लागला की गूगल स्कॉलरवर त्याचा पुढे कोणी आधार घेतला आहे ते पाहावे, कारण तिथून पुढची वाट मिळते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा संग्रहात भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध आहेत, आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचेही त्यात आहेत. प्रबंधाची संदर्भयादी आधी वाचावी आणि मग प्रकरणे, असा सल्ला दिला. एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन सेवेवरील नियतकालिकांसाठी प्रत्येकाला ग्रंथालयातून स्वतंत्र प्रवेश दिला. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही दाखवले.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातली सगळी कागदपत्रे घरबसल्या पाहता येतील, असे एका विद्यार्थ्याने गृहीत धरले होते. संगणकावर जे आहे तेवढेच जगात आहे असा समज होऊ नये, म्हणून मंडळात प्रत्यक्ष जाऊन यायला त्याला सांगितले आहे.

१३ ऑगस्ट २०२४

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात गावोगाव कानबाई ही देवी बसते आणि रात्रभर गाणी होतात. मराठी विभागातील एका विद्यार्थिनीचा प्रकल्प या अहिराणी गाण्यांवर आहे, त्यामुळे परवाचा रविवार तिच्यासाठी वर्षातला सर्वांत महत्त्वाचा दिवस होता. गाणाऱ्या बायांची परवानगी तिने आधी घेतली होती आणि तीही आवाजातच नोंदवून ठेवली होती, हे तिचे काम मला फार आवडले. आज ती मोबाइलमधील ध्वनिमुद्रणे घेऊन आली आणि आम्ही ती मोबाइलमधून लगेच दोन ठिकाणी उतरवून घेतली. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, गाव आणि क्रमांक आहे. गाणारीचे नाव आणि वय वेगळ्या तक्त्यात आहे, म्हणजे पुढे एखादीला नाव द्यायचे नसेल तर फाइलींची नावे बदलावी लागणार नाहीत.

गाणी लिहून काढण्यासाठी तिने मोबाइलमधील आवाजावरून टाइप करणारी सोय वापरून पाहिली. ती सोय प्रमाण मराठीवर तयार झालेली असल्यामुळे अहिराणी रूपे आली की ती जवळचा प्रमाण मराठी शब्द लिहिते, म्हणजे ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा तीच पुसून टाकते. वाचणाऱ्याला त्या लिखाणात काही बिघडले आहे हे कळणारही नाही, कारण वाक्ये नीट आणि शुद्ध दिसतात. म्हणून या कामासाठी ती सोय बंद केली. शुद्धलेखन आपोआप दुरुस्त करणारी सोयही त्या फाइलपुरती बंद केली. व्हीएलसी या ध्वनिफाइली वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये वेग कमी करून ऐकायचे, ओळ लिहायची आणि प्रत्येक कडव्यासमोर फाइलमधील वेळ नोंदवायची, अशी पद्धत ठरली. वेळ लागतो, पण शंका आली की नेमक्या जागी जाऊन पुन्हा ऐकता येते, आणि मार्गदर्शक मॅडमनाही ते पडताळता येते.

२३ ऑगस्ट २०२४

संदर्भव्यवस्थापनासाठी, म्हणजे वाचलेल्या लेख-पुस्तकांची माहिती साठवून त्यावरून संदर्भयादी करण्यासाठी, झोटेरो हे सॉफ्टवेअर निवडले. ते विनामूल्य आहे, २००६ पासून चालू आहे आणि इंटरनेट नसतानाही चालते. आमच्या विद्यार्थ्यांसाठी हा शेवटचा गुण सर्वांत मोठा आहे. ब्राउझरमधून लेख साठवताना लेखक, वर्ष, नियतकालिक ही माहिती आपोआप भरली जाते, पण ती अचूक असतेच असे नाही, म्हणून साठवताना तिथल्या तिथे तपासावी. मराठी पुस्तकांची माहिती बहुधा हातानेच भरावी लागते. एकाच लेखकाचे नाव एकदा रोमनमध्ये आणि एकदा देवनागरीत भरले तर संदर्भयादीत तो दोन ठिकाणी येतो. मराठी ग्रंथ देवनागरीत आणि इंग्रजी ग्रंथ रोमनमध्ये, आणि यादीचे दोन भाग, असे मार्गदर्शकांशी बोलून ठरवले.

प्रत्येक संदर्भाखाली टिपण लिहायचे आणि त्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: लेखकाचे शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत आणि पानाच्या क्रमांकासह, लेखकाचे म्हणणे आपल्या शब्दांत, आणि त्याबद्दल आपल्याला काय वाटते ते. या शिस्तीबद्दल मी आग्रही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार इतरांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही आणि त्यापुढे पायरीपायरीने कारवाई वाढत जाते, हे विद्यार्थ्यांना माहीत असते आणि त्यांचे सगळे लक्ष त्या टक्केवारीकडे लागते. पण उसने शब्द आपल्या लेखनात शिरतात ते बहुतेक वेळा टिपण काढताना, तीन महिन्यांपूर्वी, जेव्हा कोणाचे वाक्य कोणते याची खूण राहून जाते. ती खूण टिपणातच असेल तर शेवटी शब्द बदलत बसण्याची वेळ येत नाही.

५ सप्टेंबर २०२४

दुपारी लाइट गेली आणि यूपीएस नसलेल्या संगणकांवरचे काम थांबले. लिब्रेऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप जतन होण्याचा अवधी आम्ही आधीच तीन मिनिटांवर आणलेला होता, त्यामुळे विशेष नुकसान झाले नाही. याच निमित्ताने प्रतींचा नियम पक्का केला: कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक वेगळ्या जागी. आमच्याकडे याचा अर्थ कक्षातील संगणक, स्वतःचा पेनड्राइव्ह आणि इंटरनेटवरील साठवण असा होतो. पेनड्राइव्ह आणि संगणक एकाच दप्तरात किंवा एकाच खोलीत राहत असतील तर त्या दोन प्रती धरू नयेत.

२० सप्टेंबर २०२४

आकड्यांचे काम. अर्थशास्त्राचा विद्यार्थी कापसाच्या आधारभूत किमतीवर लिहितो आहे. मध्यम धाग्याच्या कापसाला २०२१-२२ मध्ये क्विंटलला ५,७२६ रुपये, पुढील वर्षी ६,०८०, त्यापुढे ६,६२० आणि चालू २०२४-२५ हंगामासाठी ७,१२१ रुपये जाहीर झाले आहेत. वाढीची टक्केवारी तो कॅल्क्युलेटरवर काढून तक्त्यात हाताने भरत होता. त्याला सूत्र घालायला शिकवले: या वर्षाच्या किमतीतून मागची वजा करून तिला मागच्या किमतीने भागायचे, आणि एकदा लिहिलेले सूत्र खाली ओढायचे. ६.२, ८.९ आणि ७.६ टक्के अशी उत्तरे आली. लांब धाग्याचे आकडे शेजारच्या स्तंभात भरताच त्यांचीही टक्केवारी मिळाली, आणि २०२३-२४ मध्ये ६,३८० वरून ७,०२० म्हणजे सुमारे १० टक्के वाढ झाल्याचे दिसले, जी मध्यम धाग्याच्या वाढीपेक्षा जास्त होती. ही तफावत का, हा त्याच्या प्रकल्पातला प्रश्न तिथे जन्माला आला. आकडेमोड यंत्राकडे गेल्यामुळे त्याला प्रश्नाकडे पाहायला सवड मिळाली. संगणकाचा मला अभिप्रेत असलेला उपयोग हाच आहे.

आधी एक अडचण मात्र आली होती. त्याने किमती मराठी अंकांत टाइप केल्या होत्या आणि आमच्या संगणकांवर तक्त्याचा प्रोग्राम त्यांना मजकूर समजत होता, त्यामुळे बेरीज शून्य येत होती. गणितासाठी आकडे इंग्रजी अंकांत भरावेत आणि प्रबंधात छापताना हवे तर मराठी अंक वापरावेत. संख्या स्तंभात उजवीकडे चिकटली आहे की डावीकडे, हे पाहण्याची सवय लावली की अशी चूक लगेच दिसते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी जनगणनेवरून जिल्हावार लोकसंख्येचा आलेख काढला. धुळे जिल्ह्याची रेषा १९९१ मध्ये पंचवीस लाखांच्या वर असून २००१ मध्ये १७,०७,९४७ पर्यंत खाली येते. संगणकाने आलेख बिनचूक काढला आणि तरीही आलेख दिशाभूल करणारा होता, कारण दोन जनगणनांच्या मधे नंदुरबार वेगळा झाला आणि २००१ मध्ये त्याची लोकसंख्या १३,११,७०९ स्वतंत्र मोजली गेली. दोन्ही जिल्हे एकत्र धरले तर २००१ मध्ये ३०,१९,६५६ आणि २०११ मध्ये ३६,९९,१५७ अशी सलग वाढ दिसते. जुलैमध्ये केलेला नावांचा तक्ता इथे पुन्हा उपयोगी पडला. आकडा कोणत्या सीमेतला आहे हे सांगणारा एक स्तंभ आता प्रत्येक तक्त्यात असतो.

४ ऑक्टोबर २०२४

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादी साधनांबद्दल विद्यार्थी आधीपासून विचारत होते आणि त्यांना टाळणे योग्य झाले नसते. फड पद्धतीवरील संदर्भ द्यावेत असे एका साधनाला विचारले, तेव्हा त्याने लेखक, नियतकालिक, वर्ष आणि पान यांसह सुरेख यादी दिली. त्यातला प्रत्येक संदर्भ विद्यार्थ्यांनी शोधायचा, असे काम दिले. काही खरे निघाले. काही मात्र कोणत्याही सूचीत किंवा त्या नियतकालिकाच्या अंकातही नव्हते. ही साधने शब्दांमागून शब्द जुळवून संभाव्य वाटणारा मजकूर तयार करतात. तो मजकूर खरा आहे की नाही हे त्या जुळवणीतून ठरत नाही. संदर्भ खोटा असला तरी त्याची मांडणी खऱ्यासारखीच असते, म्हणून तो नुसत्या नजरेने ओळखता येत नाही.

त्यावरून आम्ही सीमा आखली. आपल्याच टिपणांवरून सरावाचे प्रश्न तयार करून घेणे, अवघड इंग्रजी परिच्छेद सोप्या भाषेत समजावून घेणे आणि मग मूळ परिच्छेद पुन्हा वाचणे, तक्त्यातील सूत्र का चुकते ते विचारणे, यांसाठी ही साधने वापरावीत, कारण तिथे उत्तर बरोबर आहे की नाही हे विद्यार्थ्याला स्वतः तपासता येते. जे तपासता येत नाही ते विचारू नये. आणि प्रकरणाचा मजकूर लिहून घेऊ नये. ही बंदी मला मनापासून आवश्यक वाटते: एम.ए.च्या विद्यार्थ्याला लिहिताना जी अडचण येते, ती त्याला विषय कुठे समजलेला नाही हे दाखवते, आणि तीच काढून टाकली तर प्रकल्पाचे पुस्तक होईल पण विद्यार्थी जिथे होता तिथेच राहील.

१७ ऑक्टोबर २०२४

कापूस वेचणी सुरू झाल्यामुळे उपस्थिती कमी आहे. दिवसभर शेतात राबणाऱ्या विद्यार्थ्याला कक्षात येणे शक्य नाही, हे लक्षात घेऊन वाचनाच्या फाइली आणि सरावाची कार्डे मोबाइलवर इंटरनेटशिवाय चालतील अशी करून दिली.

कार्डांसाठी अँकी हे सॉफ्टवेअर वापरतो. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. जे आठवते ते कार्ड पुढे दूरच्या दिवशी येते आणि जे आठवत नाही ते लवकर परत येते. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून पाहणे टिकाऊ ठरते, हे रोएडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले आहे. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून पाहणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून आत्मविश्वास का वाटतो आणि पुढे तो का टिकत नाही, याचा उलगडा विद्यार्थ्यांना यातून झाला. तयार कार्डे उतरवून घेण्यापेक्षा स्वतः करावीत, कारण प्रश्न बनवणे हाच अर्धा अभ्यास आहे. मोठ्या उत्तरांसाठी मात्र कार्डे पुरत नाहीत. तिथे जुनी प्रश्नपत्रिका समोर ठेवून, घड्याळ लावून, कागदावर पेनानेच लिहावे, कारण परीक्षाही तशीच आहे. या कामात संगणक बंद ठेवणे हाच त्याचा योग्य उपयोग.

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर पहिले मसुदे आले. शीर्षके मोठी आणि ठळक करून सजवण्याऐवजी त्यांना शीर्षकाची शैली लावली की अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि प्रकरण हलवले तर पानांचे क्रमांक स्वतः बदलतात. हे सर्वांनी आपल्या मसुद्यात करून पाहिले. मार्गदर्शकांनी सुचवलेले बदल नोंद ठेवून करण्याची सोय चालू केली, म्हणजे कोणते वाक्य का बदलले हे दोघांनाही दिसते. काही मार्गदर्शक छापील प्रतीवरच खुणा करतात. त्यांच्यासाठी मोठी जागा सोडून छापण्याचा नमुना तयार केला.

ग्रंथालयातील जुन्या मराठी पुस्तकांची आवश्यक पाने स्कॅन करून टेसरॅक्ट या प्रोग्रामने त्यांतील मजकूर ओळखण्याचेही काम चालू आहे. छपाई स्वच्छ असेल आणि स्कॅन ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) असेल तर मजकूर बऱ्यापैकी येतो. रफार, अनुस्वार, जोडाक्षरे आणि आकडे मात्र मूळ पानाशी ताडून पाहावेच लागतात. म्हणून या मजकुराचा उपयोग पान शोधण्यासाठी करायचा आणि अवतरण नेहमी मूळ पानावरून उतरवायचे, असे ठरले.

पुढच्या सत्रासाठी दोन कामे बाकी आहेत. जुन्या फॉन्टमध्ये असलेल्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणून विषयवार लावायच्या आहेत. रूपांतर प्रोग्रामने होईल, पण प्रत्येक प्रश्न वाचून तपासण्यासाठी त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांची मदत लागेल. भूगोल विभागाला पांझऱ्याच्या पाटांचे आणि फडांचे नकाशे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढायचे आहेत. त्यासाठी कक्षातील जास्त मेमरी असलेले दोन संगणक डिसेंबरपासून सकाळच्या वेळेत त्यांच्याकडे देत आहोत, आणि सर्वेक्षणाच्या नोंदींचा तक्ता कोणत्या स्तंभांचा असावा हे ठरवण्यासाठी विभागाशी पहिली बैठक याच आठवड्यात आहे.